पन्नास पावलं वाळू

भूमध्य समुद्र मधुवंती इनामदारने स्वतः कधी पाहिला नव्हता. पण त्याच्या काठाची तिला जेवढी माहिती होती, तेवढी माउंट रॉस्किलमधल्या स्वतःच्या गल्लीची नव्हती. टुरिझमचा डिप्लोमा करायला ती साताऱ्याहून ऑकलंडला आली, त्याला पंधरा वर्षं होऊन गेली होती. शिक्षण संपलं, प्रसादशी लग्न झालं, रेसिडेन्सी मिळाली, जुई झाली, आणि या सगळ्या काळात ती एकाच ठिकाणी नोकरी करत राहिली, नितीश गोखल्यांच्या ट्रॅव्हल ऑफिसात. एका बाजूला डेअरी, म्हणजे दूध-ब्रेडपासून आइस्क्रीमपर्यंत सगळं विकणारं कोपऱ्यावरचं दुकान, दुसऱ्या बाजूला रोटीवाला, आणि मध्ये यांची काच.

इकडे जून लागला की भिंतींना ओल चढते, हीटरपुढून कुणी उठत नाही, आणि ज्याला जमतं तो उत्तरेकडचा उन्हाळा गाठायला निघतो. ग्रीस, माल्टा, क्रोएशिया. येणारा प्रत्येक जण एकच सांगायचा, 'एखादा चांगला बीच बघून दे.' चांगला बीच म्हणजे काय, हे माणसागणिक बदलतं, एवढं मधुवंतीला पहिल्या दोन वर्षांतच समजलं. मग ती प्रश्न विचारायला लागली. लहान मूल आहे का? मग सावली लागेल. गुडघे कसे आहेत? मग रस्त्यापासून पायऱ्या किती ते बघायला हवं. वाळू हवी की खडे चालतील? आणि शेवटचा प्रश्न खास तिचा होता: किती पावलांवर पाणी कमरेला लागलेलं चालेल? ऑफिसातले हसायचे. पण ती खरोखर त्या त्या हॉटेलला फोन लावायची, रिसेप्शनवरच्या माणसाला विचारायची, लिहून घ्यायची. तिचं सगळं नाव होतं ते या फोनांवर.

एप्रिलच्या सुरुवातीला टौरंगाहून रमण आणि कांचन पटवर्धन आले. रमणकाका किवीफ्रूटच्या पॅकहाउसमध्ये फळं तपासण्याचं काम करून निवृत्त झालेले, कांचनकाकू हॉस्पिटलमध्ये वॉर्डच्या मुख्य नर्स होत्या. काकू अठ्ठावन्नाव्या वर्षी पोहायला शिकल्या होत्या आणि त्याचं त्यांना कोण कौतुक! पण दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक आला आणि डावा पाय अर्धा बधिर झाला. स्विमिंग पूलमध्ये त्या पुन्हा जायला लागल्या होत्या. समुद्र मात्र राहून गेला होता.

"आमच्या टौरंगाच्या माउंट बीचवरच्या लाटा मला उभं राहू देत नाहीत," काकू म्हणाल्या, "आणि पाणी असं गार, की पाय आहे की नाही तेच समजत नाही. मला तळ्यासारखा समुद्र हवाय. कोमट. तळाला वाळू. हळूहळू खोल होणारा."

"आणि आमचा मुलगा अक्षत लंडनहून येणार आहे," काका म्हणाले. "पोरांना घेऊन. फिजीला ये म्हटलं तर तो येत नाही. ग्रीस म्हटल्यावर लगेच हो म्हणाला."

मधुवंतीने सगळं लिहून घेतलं. 'डावा पाय, संवेदना कमी' हे शब्द तिने दोनदा अधोरेखित केले. क्रीट बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर तिला हवं तसं एक हॉटेल माहीत होतं. ते जूनमधल्या त्या दहा दिवसांत भरलेलं निघालं, आणि अक्षतला तेच दहा दिवस मिळत होते. शोधता शोधता दक्षिणेकडच्या एका लहानशा खाडीवर दोन खोल्या सापडल्या. वेबसाइटवर लिहिलं होतं, बारीक वाळू आणि खडे. फोटोत पाणी काचेसारखं दिसत होतं. खोल्या तुमच्याकडच्या शनिवारी दुपारी बारापर्यंत धरून ठेवतो, असं हॉटेलचं म्हणणं.

शुक्रवारी दुपारी चारला तिने फोन लावला. तिकडे सकाळचे सात वाजलेले, कुणी उचलला नाही. तिने ईमेल टाकली, आपले नेहमीचे प्रश्न विचारून. रात्री नऊला घरून पुन्हा फोन करायचा, असं ठरवून निघाली. साडेसहाला जुईच्या शाळेत नाटक होतं. जुई त्यात झाड झाली होती. नाटक संपलं, घरी आले, जेवले. फोन करायचा राहिला. विसरला असं नाही. आठवला होता, ताटं घासताना चांगला आठवला होता. उद्या बघू, म्हणाली मनाशी.

शनिवारी अकराला ती सुपरमार्केटच्या रांगेत उभी होती. ट्रॉली भरलेली, जुईची भुणभुण चाललेली, आणि फोन वाजला.

"मधुवंती, अगं विचारलंस का त्यांना? बारा वाजेपर्यंतच धरून ठेवणार म्हणालीस ना?"

ती म्हणू शकली असती, नाही काका, अजून उत्तर आलं नाही. मग काका म्हणाले असते, मग काय करूया? मग दुसरं हॉटेल, पुन्हा अक्षतला विचारणं, पुन्हा सगळं पहिल्यापासून. पुढच्या बाईचं बिल झालं होतं आणि पट्टा सरकायला लागला होता.

"हो काका, झालं बोलणं," ती म्हणाली. "वाळूच आहे. पन्नास पावलं आत गेलं तरी पाणी कमरेएवढंच."

पन्नास हा आकडा कुठून आला, ते तिला नंतरही उमगलं नाही. तिकडून काकांचा घरभर घुमलेला आवाज ऐकू आला, "कांचन! पन्नास पावलं म्हणतेय!"

सोमवारी हॉटेलचं उत्तर आलं. लिहिणारी बाई प्रामाणिक होती. आमचा किनारा खड्यांचा आहे, वाळू फक्त वरच्या पट्ट्यात. चौथ्या-पाचव्या पावलाला उतार लागतो आणि लगेच खोल. पायाचा त्रास असलेल्या पाहुण्यांना आम्ही गाडीने वीस मिनिटांवरच्या किनाऱ्यावर जायला सांगतो, इकडे उतरू नका म्हणतो.

मधुवंतीने ते दोनदा वाचलं. बुकिंग झालं होतं, रद्द होणारं नव्हतं. तरी काकांना एवढं सांगता आलं असतं, की खोली तिथेच राहू दे, पोहायला मात्र त्या दुसऱ्या किनाऱ्यावर जा. पण ते सांगायचं म्हणजे शनिवारचं बोलणं खोटं होतं, हेही सांगायचं. अजून दोन महिने आहेत, ती म्हणाली, सवडीने सांगू. तिने वाक्यसुद्धा तयार केलं, 'काका, हॉटेलवाल्यांनी आता वेगळंच कळवलंय.' ते वाक्य तिने कितीदा तरी मनात म्हटलं आणि एकदाही तोंडातून काढलं नाही. निघायच्या आठवड्यात तिने काकांना फोन केला आणि म्हणाली, "पाण्यात घालायचे रबरी बूट घेऊन जा हं दोघांना. असलेले बरे."

"घेतो की! किती बारीक लक्ष गं तुझं," काका म्हणाले.

जूनच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी ती ऑफिसचं शटर ओढत होती तेव्हा क्रीटहून फोन आला. काका हॉस्पिटलच्या दारातून बोलत होते. आवाज त्यांचा वाटत नव्हता. पहिल्याच सकाळी, रिसेप्शन उघडायच्याही आधी, काकू पाण्यात उतरल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं.

पुढचे तीन आठवडे मधुवंतीने जिवाचं रान केलं. विमा कंपनी, डॉक्टरांची पत्रं, मराठी नाही तरी निदान नीट इंग्रजी बोलणारी नर्स, काकांच्या राहण्याची सोय, परतीच्या विमानात पाय लांब करता येईल अशी जागा. सकाळी सहाला उठून ती तिकडे फोन लावायची. अक्षत पोचला तोही तिलाच विचारून सगळं करायचा. "तुझ्यासारखी पोरगी होती म्हणून निभावलं," काका म्हणायचे, आणि ती लगेच पुढच्या कामाचा विषय काढायची. आपण हे सगळं मायेपोटी करतोय की आपल्यापर्यंत कुणी पोचू नये म्हणून करतोय, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

ऑपरेशननंतरच्या एका फोनवर काकांनी तिला सगळं सांगितलं. ती काही विचारत नव्हती. त्यांनाच सांगायचं होतं.

"बूट खोलीत होते गं. तू आठवणीने सांगितलेले. ही म्हणाली, वाळू आहे तर बूट कशाला, मला वाळू लागू दे पायाला. मी हात धरून नेत होतो. चार पावलं गेलो. घोट्याएवढं पाणी. खाली खडे लागत होते, वाटलं पुढे वाळू असेल. म्हटलं अजून पन्नास पावलं असंच आहे, काय होतंय! मधुवंतीला फोटो पाठवू, तिने एवढं शोधून दिलंय. म्हणून खिशातून फोन काढला. हात सोडला मी. ती एक पाऊल पुढे गेली, आणि पायाखालचे खडे सरकले. मी हात सोडला, मधुवंती. दोन वर्षं मी तिचा हात सोडला नव्हता."

मधुवंती स्वयंपाकघरात उभी होती. कुकरची तिसरी शिट्टी झाली तरी तिने गॅस बंद केला नाही. "काका, तुमची काही चूक नाही," एवढंच ती म्हणाली, आणि ते खरं होतं, आणि त्याच्या पुढचं वाक्य तिने गिळलं.

जुलैत पटवर्धन परतले. नितीशने तिला बोलावून स्क्रीन दाखवली. रमणकाकांनी ऑफिसबद्दल लांबलचक अभिप्राय लिहिला होता, पाच तारे देऊन. संकटात लेकीसारखी उभी राहिली, वगैरे. नितीश खूश होता. "हे छापून काचेवर लावू," तो म्हणाला. "नको," मधुवंती म्हणाली. तरी त्याने लावलं. रोज सकाळी आत येऊन बसल्यावर तिला ते उलट्या अक्षरांत दिसायचं.

प्रसादला तिने एका रविवारी सांगून टाकलं. तो ईस्ट टामाकीच्या एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर होता, तोलूनमापून बोलणारा.

"ईमेल आहे अजून?"

"आहे."

"मग सांगून काय होणार? त्यांचं हाड जुळणार आहे का?"

"नाही."

"तुझी नोकरी जाईल."

"जाईल कदाचित."

विषय तिथेच राहिला, आणि तिनेही ऑगस्टपर्यंत काही केलं नाही. ही गोष्ट सांगताना ते सोडून देणं बरोबर होणार नाही. तिला माहीत होतं आणि अपघातानंतर तिने आठ आठवडे काही केलं नाही.

मग एका गुरुवारी काकांचा फोन आला. डिसेंबरची मुंबईची तिकिटं रद्द करायची होती. पुतणीचं लग्न होतं.

"काकूंना डॉक्टर नको म्हणाले का?"

"डॉक्टर जा म्हणतात. मीच नाही म्हटलं. आता हिला मी कुठे घेऊन जात नाही. स्विमिंग पूलवरही नाही. माझाच मला भरवसा नाही राहिला गं." मग ते जरा हसले, म्हणजे हसल्यासारखं केलं. "फोटो काढणंच सोडलंय. फोनही हिच्यासमोर हातात घेत नाही."

मधुवंतीने तिकिटं रद्द केली नाहीत. "मी रविवारी येते तिकडे," ती म्हणाली.

रविवारी ती एकटीच गाडी घेऊन निघाली. कायमाई डोंगरावर पाऊस होता. टौरंगात उतरली तेव्हा ऊन पडलं होतं. काकांनी दारातच "ये ये, कियोरा!" म्हणून स्वागत केलं आणि चहा टाकायला आत गेले. काकू खिडकीपाशी खुर्चीत होत्या, पुढ्यात वॉकर. बारीक झाल्या होत्या. काका चहा घेऊन आले, बसले, आणि पाच मिनिटांत पुन्हा तिथेच आले, पाणी, चार पावलं, फोन, हात. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी हे किती वेळा ऐकलं असेल ते त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

"काका, थांबा," मधुवंती म्हणाली. तिने पर्समधून ईमेलचा छापील कागद काढून त्यांच्या हातात दिला. "हे वाचा. मी हॉटेलशी बोललेच नव्हते. पन्नास पावलं मी मनाने सांगितली. हे उत्तर नंतर आलं, आणि तेही मी तुम्हाला सांगितलं नाही."

काकांनी चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. पॅकहाउसमध्ये एकेक फळ तपासणारी नजर, ती घाई करत नव्हती.

"ही तारीख एप्रिलची आहे," ते म्हणाले.

"हो."

"आम्ही जूनमध्ये गेलो."

"हो, काका."

"आणि ते बूट?"

"ते यामुळेच सांगितले."

काकांनी कागदाची घडी घातली. परत उलगडली. "दोन महिने मी तुझ्याकडे बोलत होतो," ते म्हणाले. "दर वेळी तेच. तू ऐकून घेत होतीस." त्यांचा आवाज चढला नाही. "मला बोलू दिलंस तू." मग ते उठले आणि मागच्या दाराने अंगणात गेले. दार उघडंच राहिलं.

काकूंनी आता तिच्याकडे वळून पाहिलं. "का?" एवढंच विचारलं.

शाळेतलं नाटक, रांग, हॉटेलची मुदत, सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. "कंटाळा आला होता, काकू," ती म्हणाली. "पुन्हा सगळं पहिल्यापासून करायचा. एवढंच कारण."

काकूंनी पुढ्यातला वॉकर बाजूला सारला. "माझ्या वॉर्डात एक मुलगी होती. औषध न देता चार्टवर बरोबरची खूण करायची. कामाला चांगली, बोलायला गोड. पेशंटला काही झालंही नाही. तरी मी तिला काढायला लावलं. तेव्हा सगळे मला कठोर म्हणाले."

"तुम्ही बरोबर केलंत."

"ते मला तुझ्याकडून नको आहे," काकू म्हणाल्या. "तू आली नसतीस तर हे मरेपर्यंत स्वतःलाच कोसत बसले असते. ते मी विसरणार नाही. बाकीचंही विसरणार नाही. आता नीघ. गाडी सांभाळून चालव."

मधुवंतीने कप उचलून ओट्यावर ठेवला. मागच्या दारातून काका दिसत होते, कपडे वाळत घालायच्या दांडीला धरून उभे. बाहेर जाऊन काही बोलावं असं तिला फार वाटलं, आणि तसं करणं पुन्हा स्वतःसाठीच होईल हेही कळलं. ती निघाली. डोंगराच्या अलीकडे तिने गाडी कडेला घेतली आणि रडून घेतलं. रडल्याने हलकं वाटलं नाही.

सोमवारी तिने नितीशला सांगितलं. तो आधी कपाळाला हात लावून बसला, मग भडकला. "तुला कुणी विचारलं होतं? ते एक शब्द बोलले नव्हते!" पंधरा दिवसांनी अक्षतची रीतसर तक्रार आली. मधुवंतीने प्रत्येक मुद्द्यापुढे 'खरं आहे' असं लिहून सही केली. काचेवरचा कागद त्याच दिवशी निघाला. चिकटपट्टीचे चार डाग राहिले. नोकरी गेली नाही, पण युरोप तिच्याकडून काढून घेतलं. व्हिसाचे फॉर्म भरणं आणि बसच्या सहली, एवढं काम उरलं. तिने तक्रार केली नाही. घरी जुईने एकदा विचारलं, "आई, वेअर यू फायर्ड?" "नाही," ती म्हणाली, "पण माझं चुकलं होतं." जुईने "हाऊ मच?" विचारलं. "हीप्स. ढीगभर," मधुवंती म्हणाली.

डिसेंबरमध्ये पटवर्धन मुंबईच्या लग्नाला जाऊन आले, ते तिला तिकिटांच्या नोंदीवरून समजलं. फेब्रुवारीत, भर उन्हाळ्यात, ऑफिसच्या नंबरवर काकूंचा फोन आला. नमस्कार वगैरे काही नाही.

"मला पाण्यात जायचंय. माउंटच्या आतल्या अंगाला, बंदराकडच्या खाडीत. तिथे लाट नसते. फिजिओ हो म्हणतेय, पण तिने तिथे कधी पाऊल टाकलेलं नाही. तू जाऊन बघ. भरतीला एकदा, ओहोटीला एकदा. आणि बोलू नकोस, लिहून पाठव."

मधुवंतीने एक दिवस रजा काढली. सकाळी पोचली, टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून पाण्यात उतरली आणि एकेक पाऊल मोजत गेली. तळाला पाय घासून पाहिला, शिंपले कुठे लागतात, कुठे घोट्यापर्यंत रुततं. दुपारी पाणी ओसरल्यावर पुन्हा तेच केलं. काठावरची माणसं बघत होती, ही बाई पाण्यात उभी राहून वहीत काय लिहितेय म्हणून. घरी येऊन तिने दीड पान लिहिलं. गाडीतळापासून वाळूपर्यंतची पावलं, हात टेकायला काय आहे आणि काय नाही, भरतीनंतर किती वेळ थांबावं. दोन ठिकाणी तिने लिहिलं, 'हे मला नक्की सांगता येत नाही.'

'मिळालं,' असं उत्तर आलं. मग तीन आठवडे काहीच नाही.

मार्चमध्ये काकूंनी पुन्हा फोन केला. "जाऊन आले," त्या म्हणाल्या. "शेजारची हाना आणि फिजिओ, दोघींनी धरलं. कमरेएवढ्या पाण्यात वीस मिनिटं होते. तू लिहिलंयस तसंच आहे. शिंपले मात्र तू लिहिलेस त्याहून जास्त आहेत."

"आणि काका?"

"गाडीतच बसून राहिले. पाठ समुद्राकडे करून." काकूंनी एक श्वास घेतला. "तुला वाटलं असेल, तू सांगितलंस की त्यांच्या मनावरचं ते उतरेल. मलाही वाटलं होतं. अर्धं उतरलं. अर्धं आहे."

"मी काही करू शकते का?" असं विचारायला मधुवंती तोंड उघडत होती, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "त्यांना फोन करू नकोस. तुझं नाव निघालं की उठून जातात." आणि मग, अगदी वॉर्डातल्या आवाजात, "पुढच्या महिन्यातल्या रविवारच्या भरतीच्या वेळा काढून ठेव. एप्रिलमध्ये उन्हाळी वेळ संपून घड्याळं एक तास मागे होतात, ते धरून. आणि दोनदा तपास."

"तपासते," मधुवंती म्हणाली.

फोन ठेवून तिने भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडलं. समोर एक जण व्हिसाचा फॉर्म घेऊन उभा होता. "पाच मिनिटं बसता का?" तिने त्याला विचारलं, आणि पहिल्या रविवारची वेळ वहीत लिहिली.